आकाशातील डोळ्याचा तोल : ड्रोन-कॅमेऱ्याच्या गिम्बलची दोषचिकित्सा आणि निगा

ड्रोनने टिपलेले चलच्चित्र पडद्यावर पाहताना प्रेक्षकाला क्षितिजाच्या स्थिरतेचे सहसा नवल वाटत नाही. वास्तविक नवल वाटावे अशी तीच गोष्ट आहे. चार पात्यांच्या जोरावर हवेत तोललेले हे यान क्षणभरही स्वस्थ नसते. पुढे जायचे तर त्याला नाक खाली करावे लागते, थांबायचे तर मागे रेलावे लागते, डावीकडून वारा आला तर डाव्या कुशीवर झुकून त्याला तोंड द्यावे लागते. कॅमेरा यानाच्या अंगाला पक्का जखडलेला असता तर यातली प्रत्येक हालचाल चित्रात उतरली असती आणि पाच मिनिटांत प्रेक्षकाला बोट लागली असती. तसे होत नाही, कारण यान आणि कॅमेरा यांच्यामध्ये मुठीत मावेल एवढा एक सांधा असतो. त्याला गिम्बल म्हणतात. ड्रोनच्या सर्व अवयवांत हा सर्वांत नाजूक अवयव होय, आणि सर्वांत अधिक वेळा विनाकारण उघडला जाणाराही तोच. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय एवढ्यापुरताच मर्यादित आहे : गिम्बल बिघडला असे वाटले म्हणजे शोध कोठून सुरू करावा, आणि मुळात तो बिघडू नये म्हणून काय करावे.

गिम्बलची कल्पना जुनी आहे. एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगलेले होकायंत्र जहाज कितीही डोलले तरी आडवे राहते, हे दर्यावर्दी लोक शतकानुशतके पाहत आले आहेत. इटलीचा गणिती आणि वैद्य जिरोलामो कार्डानो याने १५५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा टांगणीचे वर्णन केले आणि तिला त्याचे नाव चिकटले. पण ती त्याच्या फार आधीपासून माहीत होती. जहाजावरील या जुन्या गिम्बलचा सारा भरवसा गुरुत्वाकर्षणावर असे. होकायंत्राचा जड भाग आसाच्या खाली ठेवला की तो आपोआप खाली राहतो, आणि तबकडी वर राहते.

ड्रोनला ही युक्ती पुरत नाही. आसाखाली लोंबणारी कोणतीही वस्तू हा एक लंबकच असतो. एस.टी.च्या गाडीत खुंटीला अडकवलेली पिशवी चालकाने ब्रेक दाबताच पुढे झेपावते, तसाच लोंबता कॅमेराही यानाचा वेग बदलताच झुलू लागेल. म्हणून ड्रोनच्या गिम्बलमध्ये नेमके उलट केलेले असते. कॅमेरा लोंबता न ठेवता त्याचा गुरुत्वमध्य तिन्ही आसांच्या छेदबिंदूवर, शक्य तितका अचूक, आणून ठेवतात. असा तोललेला कॅमेरा स्वतः होऊन कोणत्याही बाजूला वळत नाही. ज्या स्थितीत ठेवावा त्या स्थितीत राहतो. त्याला योग्य स्थितीत ठेवण्याचे काम तीन छोट्या विद्युत मोटरी करतात. एक मोटर कॅमेऱ्याची मान खाली-वर करते, दुसरी त्याला कुशीवर कलू देत नाही, तिसरी डावी-उजवीकडे वळवते. कॅमेऱ्यापाशी बसवलेले सूक्ष्म संवेदक त्याचा कल सतत मोजतात, आणि त्या मोजमापानुसार एक नियंत्रक सेकंदाला शेकडो वेळा मोटरींना आज्ञा देत राहतो.

या मोटरींना दातेरी चाके नसतात, ब्रशही नसतात. त्यामुळे वीज बंद असताना कॅमेरा ढिला वाटतो, बोट लावताच फिरतो, कधी मान टाकून बसतो. हे पाहून नवखा मालक घाबरतो आणि कुठे तरी स्क्रू सैल झाला असावा अशा समजुतीने पेचकस शोधू लागतो. त्याची भीती निराधार आहे. निरोगी गिम्बल वीज नसताना असाच असतो. दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, या मोटरींची ताकद अगदी बेताची असते. तोललेल्या वस्तूला हलवण्यास फार जोर लागत नाही आणि यानाला प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. तेव्हा बळकट मोटर देण्याचे रचनाकाराला कारणच नसते. ही बेताची ताकद ध्यानात घेतली म्हणजे गिम्बलच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो.

सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे यान सुरू करताच ‘गिम्बलच्या मोटरवर अतिभार’ अशी सूचना पडद्यावर झळकणे. वीज मिळताच गिम्बल स्वतःची तपासणी करतो. तो तिन्ही आसांभोवती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून पाहतो आणि मग मध्यावर येऊन थांबतो. या काही सेकंदांत त्याच्या वाटेत काहीही आले तर मोटर अडते. अडलेली मोटर ही फिरणाऱ्या मोटरपेक्षा अधिक वीज खाते आणि त्या विजेचे कामात रूपांतर होत नसल्यामुळे ती सगळी उष्णता होऊन वेटोळ्यांत साठते. नियंत्रक हे ओळखतो आणि मोटर जळण्यापूर्वी तिला सोडून देतो. म्हणजे ज्याला बिघाड समजले जाते तो वास्तविक बचाव असतो. प्रवासासाठी लावलेली प्लॅस्टिकची पकड काढायची राहून गेली, ही अशा सूचनेमागची नित्याची हकीकत. त्याखालोखाल गवताचा क्रम लागतो. घडी घालता येणाऱ्या लहान यानांत कॅमेरा जमिनीपासून दोनचार बोटेच वर असतो. कापलेल्या भाताच्या खुंटांवर किंवा दर्भासारख्या ताठ गवतावर यान ठेवले तर एखादी काडी नेमकी कॅमेऱ्याखाली येते. यान उचलून सपाट फळीवर ठेवावे, बंद करावे, पुन्हा सुरू करावे. एवढ्याने सूचना नाहीशी झाली तर गिम्बलला काहीही झालेले नव्हते असे समजावे.

याच वर्गातील तिसरे कारण मात्र अधिक फसवे आहे, कारण ते डोळ्यांना दिसत असूनही मनात येत नाही. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवलेली काच. तीव्र उन्हात प्रकाश कमी करण्यासाठी छायाचित्रकार गडद काच लावतात; तिला ते एनडी फिल्टर म्हणतात. त्या यानासाठी बनवलेली काच हलकी असते आणि तिचे वजन रचनाकाराने हिशेबात धरलेले असते. बाजारातून घेतलेली जाड कड्याची काच काही ग्रॅमच जड असेल, पण ती गुरुत्वमध्यापासून दूर, अगदी पुढच्या टोकाला बसते. तराजूच्या दांडीच्या टोकाला ठेवलेला वाटाणाही पारडे झुकवतो. मोटर मग उड्डाणभर तो फरक पेलत राहते, तापते, आणि दहापंधरा मिनिटांनी कॅमेरा थरथरू लागतो किंवा मान टाकतो. जमिनीवर उतरवून थंड झाल्यावर तपासावे तर सर्व काही ठीक! असा ‘तापल्यावर येणारा आणि निवल्यावर जाणारा’ दोष दिसला की आधी काच काढून उडवून पाहावे. उलट, काही यानांत मूळची संरक्षक काच काढून उडवले तरीही तोल बिघडतो. मालकाने जोडलेली किंवा काढलेली प्रत्येक वस्तू या चौकशीत संशयित मानली पाहिजे, मग ती शोभेची चिकटपट्टी का असेना.

आता दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीकडे वळू या. चित्रात सरळ खांब नागमोडी दिसतात, जमीन खळखळल्यासारखी वाटते. छायाचित्रकार या दोषाला ‘जेली’ म्हणतात. याचे खापर जवळजवळ नेहमी गिम्बलवर फुटते आणि जवळजवळ नेहमी ते अन्यायाचे असते. हादरे दोन जातींचे असतात. वाऱ्याने किंवा चालकाच्या आज्ञेने यान कलते ते मंद हेलकावे. त्यांना उत्तर देणे हे मोटरींचे काम. पात्यांमुळे येणारी कंपने मात्र फार जलद असतात. पाते मिनिटाला ६,००० फेरे करीत आहे असे धरले तर ते सेकंदाला १०० फेरे होतात. पात्याच्या एका बाजूचा टवका उडालेला असेल तर प्रत्येक फेऱ्यागणिक एक, म्हणजे सेकंदाला १०० धक्के सांगाड्याला बसतात. इतक्या जलद धक्क्यांचा पाठलाग मोटरीने करावा अशी अपेक्षाच नसते. ते गिळून टाकण्यासाठी गिम्बल यानाला तीन-चार रबरी गोळ्यांवर टांगलेला असतो. या गोळ्या ओलांडून कंपने कॅमेऱ्यापर्यंत पोहोचली तर काय होते? बहुतेक लहान कॅमेऱ्यांत चित्र एका क्षणात पूर्ण टिपले जात नाही. त्याच्या ओळी वरून खाली एकामागून एक वाचल्या जातात. पहिली ओळ वाचताना कॅमेरा किंचित डावीकडे आणि शंभरावी वाचताना किंचित उजवीकडे असला, की सरळ खांबाची नागीण होते.

तेव्हा जेली दिसली की प्रथम पाती पाहावीत. त्यांच्या कडेवरून हलके नख फिरवावे. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला लागते. शंका असल्यास पाती बदलूनच टाकावीत, कारण सर्व यंत्रात त्यांच्याइतका स्वस्त भाग दुसरा नाही. त्यानंतर रबरी गोळ्या पाहाव्यात. एखादी आपल्या भोकातून निसटलेली असते, एखादी उन्हाने कडक झालेली किंवा चिरलेली असते. कठीण उतरणीनंतर कॅमेरा एका बाजूने खाली आल्यासारखा दिसत असेल तर निसटलेल्या गोळीची शक्यता अधिक. ती चिमट्याने ओढून पुन्हा बसवता येते. मात्र चिमटा बोथट टोकाचा हवा, आणि यानाची बॅटरी काढलेली हवी. गोळ्यांच्या मधून जाणारे छोटे बंध आघाताच्या वेळी गिम्बल गळून पडू नये यासाठी असतात. ते तुटले असता कॅमेरा चित्रे चांगली देत राहतो, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

कललेले क्षितिज ही तिसरी तक्रार. तिच्यापाशी थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण येथे यंत्र मोडलेले नसते, आड आलेलेही काही नसते. यंत्राची समजूत चुकलेली असते. चूक लहान दिसली तरी तिची किंमत लहान नाही. १,९२० बिंदू रुंदीच्या चित्रात ३ अंशांचा कल म्हणजे क्षितिजाच्या दोन टोकांमध्ये सुमारे १०० बिंदूंचा फरक. मागाहून चित्र फिरवून तो घालवता येतो, परंतु फिरवलेल्या चित्राचे कोपरे कापावे लागतात, आणि ब्रह्मपुत्रेचा खचणारा काठ किंवा विवाहाची मिरवणूक पुन्हा टिपता येत नाही.

पहिला प्रश्न यंत्राला विचारायचा नसून डोळ्याला विचारायचा आहे : क्षितिज खरोखर कललेले आहे काय? दूर जाणारा किनारा, चढत जाणारा रस्ता, डोंगराची सोंड यांच्या रेषा मुळातच तिरप्या असतात. लडाखसारख्या मुलखात खरे क्षितिज बहुधा दिसतच नाही. दिसतात त्या कड्यांच्या रेषा, आणि त्यांना आडवे असण्याचे काही कारण नाही. उघड्या समुद्राचे क्षितिज उत्तम. ते नसेल तर एखाद्या इमारतीचा उभा कोपरा चित्राच्या ऐन मध्यभागी आणून पाहावा. कडेला आणू नये, कारण भिंगामुळे कडेच्या उभ्या रेषा झुकू शकतात.

कल खराच असेल तर दुसरा प्रश्न : तो कायम आहे, की येतो आणि जातो? या एका प्रश्नाच्या उत्तराने पुढील वाट ठरते. येणाऱ्या-जाणाऱ्या कलाचे मूळ समजण्यासाठी गिम्बलला ‘खाली’ ही दिशा कशी कळते ते पाहिले पाहिजे. त्याच्याजवळ दोन प्रकारचे संवेदक असतात. जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो. तो चपळ आहे, पण त्याच्या लहान लहान चुका साठत जातात आणि काही वेळाने तो भरकटतो. त्वरणमापी हा गवंड्याच्या ओळंब्यासारखा आहे. त्याला खाली कोठे हे ठाऊक असते आणि तो जायरोस्कोपची भरकटलेली समजूत हळूहळू ताळ्यावर आणतो. परंतु ओळंबा स्थिर हातातच खरे बोलतो. वळणाऱ्या गाडीत धरलेला ओळंबा बाहेरच्या बाजूला झुकतो आणि तीच दिशा खालची असे सांगू लागतो. ड्रोनचे हेच होते. समजा, यान सेकंदाला १० मीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात एखाद्या किल्ल्याभोवती फिरत आहे. त्याचे केंद्राकडील त्वरण दर वर्ग सेकंदाला २ मीटर होते, गुरुत्वाचे ९.८ मीटर. या दोहोंच्या बेरजेतून मिळणारी भ्रामक ‘खालची’ दिशा खऱ्या दिशेपासून ११ ते १२ अंशांनी ढळलेली असते. नियंत्रक त्वरणमापीवर एकदम विश्वास ठेवत नाही आणि यानाच्या वेगाची माहिती घेऊन पुष्कळशी चूक वजाही करतो. तथापि वळण लांबत गेले तर उरलीसुरली चूक क्षितिजात दिसू लागते. यान जागच्या जागी दहावीस सेकंद तरंगत ठेवले की क्षितिज आपोआप सावरते. सावरले, तर येथे दुरुस्त करण्यासारखे काहीही नाही. वर्तुळ मोठे घ्यावे, वेग कमी ठेवावा, दोन फेऱ्यांमध्ये यानाला क्षणभर विसावा द्यावा.

थंडीचा परिणामही याच जातीचा. हे सूक्ष्म संवेदक तापमानाबरोबर थोडेसे सरकतात. लेहमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, पहाटे थंडगार पेटीतून काढून तत्काळ उडवलेले यान पहिली काही मिनिटे वाकडे पाहते आणि तापल्यावर सरळ होते. अशा वेळी यान सुरू करून जमिनीवरच एक-दोन मिनिटे राहू द्यावे. तेथे रबरी गोळ्याही थंडीने ताठरतात, आणि विरळ हवेत तरंगण्यासाठी पात्यांना अधिक वेगाने फिरावे लागत असल्याने कंपनांची लय बदलते. म्हणून पुण्यात निर्दोष असलेले यान तेथे किंचित जेली दाखवू शकते. घरी परतल्यावर ती नाहीशी होते. अशा दोषासाठी गिम्बल उघडून बसणे म्हणजे थंडीने कुडकुडणाऱ्या माणसावर शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

कायम राहणाऱ्या कलासाठी अंशांकनाची सोय असते. म्हणजे यंत्राला ‘सरळ’ कशाला म्हणावे हे नव्याने शिकवणे. कळ दाबली की बाकीचे यंत्र करते, त्यामुळे हे काम फार सोपे वाटते आणि नेमके म्हणूनच ते निष्काळजीपणे केले जाते. मोटारीच्या बॉनेटवर, डोंगरातल्या दगडावर, एवढेच नव्हे तर मांडीवर ठेवून अंशांकन करणारे लोक आहेत. अशाने आजवर ठीक असलेले यान कायमचे वाकडे पाहू लागते. गवंड्याची पाणसळ किंवा भ्रमणध्वनीतील तशीच सोय वापरून आधी फरशी तपासावी, यान तिच्यावर ठेवावे, आणि क्रिया संपेपर्यंत त्याला किंवा टेबलाला हात लावू नये. होकायंत्राचे अंशांकन ही वेगळीच क्रिया आहे. कललेल्या क्षितिजावर तिचा उपाय करण्यात अर्थ नाही. काही यानांत क्षितिज हाताने अंशाच्या दशांशाने सरकवण्याचीही सोय असते. ती उपयुक्त आहे, पण आघातानंतर वापरल्यास घातकही ठरते. पडल्यामुळे गिम्बलची भुजा वाकली असेल तर आस एकमेकांशी काटकोनात राहत नाहीत आणि तोलही जातो. कॅमेरा समोर पाहत असताना केलेली दुरुस्ती तो खाली वाकताच अपुरी ठरू लागते, आणि दरम्यान मोटर वाकलेल्या भुजेशी झगडत राहते. वाकलेली भुजा पकडीने सरळ करण्याचा मोह आवरावा. ती पातळ, हलक्या धातूची असते. सरळ होते तेव्हा बहुधा तडकूनच होते.

हाताने करण्याजोगी एक परीक्षा मात्र प्रत्येकाने शिकून घ्यावी. वीज बंद करून, कॅमेरा दोन बोटांत धरून, प्रत्येक आसाभोवती अगदी सावकाश फिरवावा. चुंबकांमुळे जाणवणारी हलकी, एकसारखी ओढ स्वाभाविक आहे. एकाच ठिकाणी अडखळत असेल किंवा आत काही करकरत असेल तर वाळूचा कण किंवा दुखावलेले बेअरिंग समजावे.

खरोखर मोडणाऱ्या भागांत अग्रमान कशाला द्यायचा तर तो चपट्या रिबन केबलला. कॅमेऱ्याकडून यानाकडे चित्र आणि यानाकडून मोटरींकडे वीज नेणाऱ्या या कागदासारख्या पातळ फिती गिम्बलच्या सांध्यांतून वेटोळे घेत जातात, आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर वाकतात. तिच्यातील एखादा मार्ग तुटला की जी लक्षणे दिसतात ती मोठी बोलकी असतात. चित्र पूर्ण नाहीसे झाले आहे, पण गिम्बल नेहमीप्रमाणे फिरून मध्यावर येतो. अशा वेळी चित्र नेणाऱ्या फितीवर संशय घ्यावा. चित्र स्वच्छ आहे, पण कॅमेरा मेलेल्या पाखरासारखा लोंबतो आहे. तर मोटरींकडे जाणारी वाट तपासावी. चित्र ठरावीक कोनातच तुटते आणि कोन बदलताच परत येते, ही तर अर्धवट फाटलेल्या फितीची जवळजवळ कबुलीच होय. या वेळी उडवत राहणे म्हणजे राहिलेला अर्धा भागही फाडून घेणे. शिवाय चालकाला पडद्यावर काही दिसेनासे झाले तरी यान हवेतच असते, आणि खाली माणसे असतात.

फीत बदलता येते, परंतु ते काम घड्याळजीच्या तोडीचे आहे. दोन मिलिमीटरच्या स्क्रूंची लांबी एकसारखी नसते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी आवळला तर तो मोटरीच्या वेटोळ्यांत घुसू शकतो. नवा भाग बसवल्यावर मोटर आणि संवेदक यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो, आणि त्यासाठीची आज्ञावली सामान्य मालकाजवळ सहसा नसते. भारतात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी भारत सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचे अपवाद ठेवून, बंदी घातली. सुट्या भागांना तिच्यातून वगळले. लग्नसमारंभांवर पोट भरणाऱ्या, आपले बाहेरून आलेले यान जपून वापरणाऱ्या छायाचित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ उघड आहे. भाग बदलता येतो. यान बदलणे त्याला तितके सोपे राहिले नाही. शंका येताच कॅमेऱ्याचे आवरण उघडणे त्याला परवडणारे नाही, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून राखण महत्त्वाची. २०१६ साली घडी घालून पिशवीत टाकता येणारे ‘मॅव्हिक प्रो’ हे यान बाजारात आले आणि अशा यानांचा प्रसार झपाट्याने झाला. पेटीतून मिरवणारे यंत्र त्यामुळे डबा आणि छत्रीच्या शेजारी आले. हवेत होणाऱ्या इजांइतकीच प्रवासातील इजांचीही चिंता करावी अशी वेळ तेव्हापासून आली. वीज बंद असताना गिम्बलला धरून ठेवणारे काहीच नसते; गाडी खड्ड्यातून गेली की कॅमेरा आपल्या वजनानिशी आपटतो आणि फितीला हिसका बसतो. त्यासाठी सोबत मिळालेली पकड न चुकता लावावी. लावताना कॅमेरा आधी बोटाने त्याच्या नैसर्गिक स्थितीत आणावा आणि मग पकड सरकवावी. पकडीच्या जोरावर कॅमेऱ्याला वळवू नये. आधी यान बंद करावे, मग पकड लावावी. उलट क्रमाने केल्यास दुसऱ्या दिवशीचा अतिभार आजच ओढवतो. पकड हरवली असेल तर मऊ फेसाचा तुकडा कॅमेऱ्याभोवती सैलसर बसवावा, पण रबरबँडने कॅमेरा बांधून ठेवू नये. त्याचा ताण रात्रंदिवस एकाच बाजूला राहतो.

वाळू ही गिम्बलची वैरीण. समुद्रकाठी यान उतरताना पात्यांचा झोत वाळू उडवतो आणि ती थेट कॅमेऱ्यावर येते. रत्नागिरीच्या किंवा केरळातील कोल्लमच्या किनाऱ्यावर तर आणखी एक अडचण आहे. तेथील वाळूत लोहयुक्त खनिजांचे काळे कण मिसळलेले असतात. लहानपणी ज्याने चुंबक वाळूतून फिरवून त्याला काळी मिशी फुटलेली पाहिली आहे, त्याला हे निराळे समजावून देण्याची गरज नाही. मोटरीच्या आतही चुंबकच असतात. साधी वाळू झटकली तर जाते; हे कण चिकटून बसतात. किनाऱ्यावर सतरंजीवर, ताडपत्रीवर किंवा पेटीच्या झाकणावरून उडवावे आणि तेथेच उतरवावे. राजस्थानच्या धुळीलाही हाच नियम लागू आहे. आत गेलेला कण रबरी फुग्याच्या हवेने, यान उपडे धरून, काढण्याचा प्रयत्न करावा. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो. दाबाखालील हवेचा जोरदार झोतही नको. तो कणाला बेअरिंगमध्ये अधिक खोल लोटतो. आणि तेल तर मुळीच घालू नये. शिलाई यंत्राला तेल घालणाऱ्या घरात वाढलेल्या हाताला करकर ऐकू येताच तेलाची कुपी आठवते, परंतु येथे तेल धुळीला धरून ठेवते आणि दोन दिवसांत तिचा लगदा होतो.

भिंग पुसताना एका हाताने कॅमेऱ्याचा मागचा भाग धरावा, म्हणजे पुसण्याचा जोर भुजेवर जात नाही. पावसाळ्यात यान पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या कॅमेऱ्यावर दव जमते. ते विरेपर्यंत यान सुरू करू नये. खारे पाणी उडाले असेल तर प्रतीक्षेचा उपयोग नाही. बॅटरी काढून यान त्याच दिवशी दुरुस्तीला द्यावे, कारण मीठ सुकल्यानंतरही हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंजवत राहते.

दुरुस्तीला देताना ‘गिम्बल बिघडला’ एवढ्या दोन शब्दांवर थांबू नये. दोष केव्हा दिसला, त्यापूर्वी यान पडले होते काय, कोणती काच लावलेली होती, दोष सुरुवातीपासून होता की तापल्यावर आला, कोणत्या दिशेला पाहताना वाढतो, हे कागदावर लिहून द्यावे. सोबत दोष दिसणारे मूळ चित्रीकरण द्यावे. पडद्याचे भ्रमणध्वनीने काढलेले छायाचित्र चालणार नाही, कारण त्यात भ्रमणध्वनी धरणाऱ्या हाताचा कल मिसळलेला असतो. यान पेटीत ठेवताना पकड लावावी, कॅमेऱ्याची बाजू दाबाखाली येणार नाही असे पाहावे, आणि बदललेली पाती, काढलेली काच, निसटलेली रबरी गोळी यांपैकी जे काही असेल ते लहान पाकिटात घालून त्याच पेटीत ठेवावे.